संगीत बारी, ढोलकी फड की लावणी शो? सीमाभागातल्या मुलीनं निवड करताना

श्रावण सरत आला की लावणीचं काम कुठं धरावं हे विचारायला माझ्याकडं मुली यायला लागतात. दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात, त्याच्या आत ठरवायचं असतं. परवा बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली एक आली, आईला घेऊन. वय 20, बारावी झालेली, पायात ताल पक्का. तिला तीन बोलावणी होती: मोडनिंबकडच्या एका संगीत बारीचं, विट्याच्या एका ढोलकी फडाचं आणि कोल्हापूरच्या एका लावणी शोचं. आईनं विचारलं, "अक्का, पैसा कुठं जास्त हाय?" मी पोरीला म्हटलं, आधी गाऊन दाखव.

दोघींना वाटलं मी विषय टाळतेय. पण माझ्या मते निवड तिथूनच सुरू होते. पाय पस्तिशी-चाळिशीपर्यंत साथ देतात, गुडघे कधी कधी त्याच्या आधीच दुखायला लागतात. गळा आणि अदा मात्र पुढं राहतात. लावणीच्या थोर कलावंत यमुनाबाई वाईकर बसून लावणी म्हणायच्या आणि नुसत्या चेहऱ्यानं, हातानं एकेका ओळीचे किती तरी अर्थ दाखवायच्या. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती, आणि 2018 मध्ये त्या गेल्या त्या शंभरी पार करून. समोर आलेल्या तीन कामांपैकी कुठलं काम तुला असं काही शिकवेल जे चाळिशीनंतरही हाताशी राहील, ते आधी बघ. नाइटचा, म्हणजे एका रात्रीच्या कार्यक्रमाचा आकडा त्याच्यानंतर.

मी तिन्हीकडं काम केलंय. सहा वर्षं बारीत, एक हंगाम फडात, उरलेली सगळी शोमध्ये. म्हणून तिन्ही शेजारी शेजारी ठेवून सांगते.

काम नेमकं काय असतं

संगीत बारीत बायका पुढं असतात. पार्टीची मालकीण बाई, गाणारी बाई, नाचणारी बाई. पेटी, तबला, ढोलकीवर पुरुष साजिंदे. वग, म्हणजे तमाशातलं नाटक, नसतं. चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणच्या थिएटरात एकाच आवारात अनेक पार्ट्या राहतात आणि आपली बारी, म्हणजे पाळी, आली की पायात घुंगरांचे चाळ बांधून रंगमंचावर जातात. रोजचं काम आणि रोज जिवंत साथ. आज गाणारी अंतरा दोनदा म्हणते, उद्या ढोलकीवाला एखादा तुकडा वाढवतो, आणि तुला तिथल्या तिथं ते झेलावं लागतं. मालकिणीच्या मागं बसून सूर धरता धरता गळाही तयार होतो. हे शिक्षण कुठल्या क्लासात मिळत नाही. मी आज मुलींना जे शिकवते त्यातलं बहुतेक त्या सहा वर्षांतलं आहे.

ढोलकी फडाचा खेळ गणानं, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं सुरू होतो, मग गवळण, बतावणी (विनोदी बोलाचाली), रंगबाजी (लावण्या आणि नाच) आणि शेवटी वग. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. जिला बोलता येतं, जिला अभिनयाची ओढ आहे, तिला वगात चांगली कामं मिळतात, आणि अशा मुलीनं फडच धरावा. नुसती नाचणारी मात्र तिथं ओळीतली एक होऊन राहते. शिवाय वगाला आता वेळच उरलेला नाही. 2000 सालच्या केंद्राच्या नियमांप्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार सवलत देऊ शकतं ती वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवसांना आणि तीही 12 वाजेपर्यंत. पूर्वी तांबडं फुटेपर्यंत चालणारा वग त्यात कसा बसणार? रंगबाजी लांबते आणि वग आटोपता घेतला जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बाईला संवाद बोलायला मिळणारी ही जागा होती.

शोमध्ये गाणं ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं वाजतं. चार मिनिटं नाच, आत पळ, दुसरी साडी, पुन्हा बाहेर. शिवलेली नऊवारी अशा कामाला बरी, पाच मिनिटांत चढते. बारीत मी पहिल्याच दिवशी शिवलेली घालून गेले तर मालकिणीनं परत पाठवलं होतं, "नेसून ये" म्हणून. शोमध्ये शिस्त येते, दहा जणींत एकसारखं हलता येतं, मोठ्या गर्दीची भीती जाते. पण ट्रॅक कधी चुकत नाही, म्हणून ऐकायची सवय मोडते. गळ्याला तर काहीच काम नसतं.

पैसा

बारीत रोजच्या जमेचे वाटे पडतात. थिएटर मालकाचा, मालकिणीचा, साजिंद्यांचा, मग तुझा. वर दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेला पैसा. जायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: दौलतजादा कुणाच्या हातात जमतो, तो त्याच रात्री वाटतात की महिन्याला, आणि राहण्या-जेवणाचा खर्च तुझ्या वाट्यातून कापतात का. सरळ उत्तर देणारी मालकीण बहुधा सरळ वागते.

फडात हंगामाचा पगार ठरतो, दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात आणि विट्यात राहुट्या लागतात, गावोगावची माणसं येऊन यात्रांच्या सुपाऱ्या देतात, म्हणजे खेळ ठरवून जातात, आणि फडाचं वर्ष बरंचसं तिथंच ठरतं. या पगारात एक खड्डा आहे, उचल. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा फडमालक पैसे देतो, आणि ते घेतले की पुढचा हंगाम बांधला जातो. मी भावाच्या लग्नाला उचल घेतली होती. हंगाम संपला तरी फिटली नाही, कारण औषध, साडी, घरी पाठवलेले पैसे, सगळं त्याच वहीत चढत गेलं आणि ती वही मी एकदाही उघडून बघितली नव्हती. तुझी वही तू वेगळी ठेव. प्रत्येक रकमेपुढं तारीख आणि त्यांची सही.

शोचा हिशेब नाइटवर. ऐकायला मोठा वाटतो, म्हणून फोडून बघायचा. समजा नाइटचे 3,000 ठरले. निपाणीतून दुपारी दोनला गाडी सुटली, कार्यक्रम अथणीच्या पुढं, घरी पहाटे चारला. चौदा तास झाले. मेकअप, गजरा, साडीची धुलाई-इस्त्री, नकली दागिने तुझेच असतील तर त्यातले 400-500 तिथंच गेले. चैत्र-वैशाखात यात्रा आणि भाद्रपदात गणपती, तेव्हा एकापाठोपाठ एक तारखा असतात. आषाढात आठवड्याला एकही नसेल. वर्षाची बेरीज करून बारानं भागलं की खरा महिना कळतो. आईला मी कागदावर हेच करून दाखवलं, तेव्हा तिन्ही आकडे जवळजवळ आले.

शोवाल्यांशी ठरवताना तोंडी बोलणं पुरेसं नाही. तारीख, गाव, किती गाणी, किती वाजेपर्यंत, गाडी कुणाची, पाऊस आला तर किती मिळणार, हे व्हॉट्सअपवर तरी लिहून घे आणि त्यांच्याकडून "ठीक आहे" येऊ दे. निम्मे पैसे आधी खात्यावर, उरलेले चाळ बांधायच्या आधी. कार्यक्रम संपल्यावर अंधारात पैसे मागायची वेळ स्वतःवर आणू नकोस. ट्रॅकच्या गाण्यांचा परवाना काढणं संयोजकाचं काम आहे, तेही त्यातच लिही.

दार, आडोसा आणि मोबाइल

बारीची उणी बाजू मी लपवणार नाही. रंगमंचाशिवाय खोलीत खासगी बैठक होते. बैठकीची लावणी ही मानाची कला आहे, पण दाराची कडी कुणाच्या हातात आहे हे बघावं लागतं. माझी अट एकच होती आणि ती पहिल्या दिवशी सांगितलेली होती: साजिंदे आत नसतील तर बैठक नाही. एका मालकिणीला ही अट रुचली नाही, मी त्याच संध्याकाळी कपड्यांची पेटी उचलून परत आले. वय 18 झालेलं नसेल तर या दारात पाऊलच टाकू नये, आईबापांनी टाकू देऊ नये.

फडात माणसं पुष्कळ, एकटं पडायची भीती कमी. पण राहणं तंबूत, अंघोळ कनातीच्या आडोशाला, रोज नवीन गाव. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळे अभिमानानं सांगतात: दिवस भरलेले असताना त्या नाचल्या, मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्या बाईपुढं मी डोकं ठेवते. पण मुलींना हा आदर्श म्हणून सांगू नये असं मला वाटतं. राष्ट्रपतींकडून गौरवलेल्या त्या कलावंतीण, आणि त्यांचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. बाळंतपणात, आजारपणात फड किती दिवस सांभाळेल, त्या दिवसांचा पगार मिळेल का, हे विचारायला लाजू नकोस.

शोमध्ये गर्दी उघड्यावर आणि हातोहाती मोबाइल. कपडे बदलायची जागा आधी जाऊन बघ. आतून कडी हवी, वर आणि खाली फट नको. नसेल तर गाडीत बदल. आमच्या ग्रुपमध्ये एक जण कायम दाराबाहेर उभी असायची, पाळीपाळीनं. कपडे बदलताना कुणी चित्रण केलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खालचा गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच किमान एक वर्षाची कैद. रंगमंचावरच्या नाचाचंही तसं आहे. कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतःचा हक्क आहे, तो 50 वर्षं टिकतो, आणि तुझी संमती नसताना तुझ्या नाचाचं चित्रीकरण करून विकता येत नाही. गर्दीतला प्रत्येक मोबाइल थांबवणं तुझ्या हातात नाही, पण संयोजक कॅमेरे लावून स्वतःच्या चॅनेलवर टाकणार असेल तर त्याचे वेगळे पैसे माग.

आणखी एक. गर्दी पेटली की संयोजक कडेनं खुणावतो, "जरा अजून". त्याच न्याय संहितेचं कलम 296 सार्वजनिक जागी अश्लील कृतीला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतं, आणि तक्रार झाली तर आधी नाव येतं ते रंगमंचावर असलेल्या बाईचं. किती अदा, कुठवर, हे तू घरातून ठरवून निघ.

पाय

थोडक्यात सांगते, कारण हे सगळीकडं सारखंच. चाळ बांधायच्या आधी घोट्याला सुती पट्टी गुंडाळ, नाहीतर कातडं सोलून निघतं. थिएटरच्या लाकडी फळ्या पायाला बऱ्या. यात्रेत पिंपांवर प्लायवूड टाकून केलेला रंगमंच असेल तर दुपारीच एकदा चालून बघ, कुठं लवतो ते कळेल. सिमेंटच्या कट्ट्यावर सतरंजी टाकून कुणी नाचायला सांगितलं तर जोरकस गाणी कमी कर. माझा डावा गुडघा अशाच कट्ट्यांनी गेला.

आपल्या भागाचं वेगळेपण

1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण यात्रांची वाट काही बदलली नाही. निपाणी, चिकोडी, बेळगावच्या खेड्यांत कोल्हापूरचे शो येतात आणि आपल्या मुली सीमा ओलांडून कागल-गडहिंग्लजला जातात. घरी राहून काम करायचं असेल तर आपल्या भागात शोच सोयीचा. बारीची थिएटरं लांब आहेत. चिकोडी-अथणीकडं प्रेक्षक निम्मे कन्नड बोलणारे असतात. चार वाक्यं आणि एक-दोन गाणी कन्नडमध्ये आली तर मान वाढतो, तारखाही वाढतात. कन्नड चांगलं येणाऱ्या मुलीला मी श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघायला सांगते. तेही आपल्याच जिल्ह्यातलं, कुलगोडच्या तम्मण्णांनी घडवलेलं. त्यात गाणंही आहे आणि बोलणंही.

म्हातारपणाचं मानधन हा आपला अडलेला विषय. महाराष्ट्रात ज्येष्ठ कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी. आपलं रेशनकार्ड इकडचं, तेव्हा अर्ज कर्नाटकच्या कन्नड आणि संस्कृती खात्याकडं करायचा. तिथं पुरावा मागतात. त्यामुळं पहिल्या कार्यक्रमापासून जाहिरातीचा कागद, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटो, यात्रा कमिटीचं पत्र एका फाइलमध्ये ठेव. कागदावर नाव आधार कार्डासारखंच हवं. रंगमंचावरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहून घे. माझी पहिली आठ वर्षं टोपणनावानं गेली आणि ती आज कुठंच मोजली जात नाहीत.

तर त्या पोरीनं गायलं. लाजत, खाली बघत, पण सुरात. आवाज कच्चा आहे, वरचा षड्ज लागत नाही, तरी शब्द चांगला टाकते. गळा नसता तर मी तिला शोकडं पाठवलं असतं, सोबत शिवणकाम किंवा नाचाचा क्लास ठेव म्हणून. बोलण्यात चमक असती तर एक हंगाम फड, उचल न घेता. हिला मी बारी सांगितली, दोन वर्षं, साजिंद्यांची अट घालून. त्यानंतर शो करायचा तर खुशाल करावा, तेव्हा ती ट्रॅकशिवायही उभी राहू शकेल.

आई अजून साशंक आहे, आणि ते बरोबरच आहे. म्हणून लगेच होकार द्यायचा नाही असं ठरलंय. येत्या सोमवारी मायलेकी कोल्हापूर-पंढरपूर करत मोडनिंबला जाणार आहेत. दिवसा जायचं, पार्टीतल्या बायकांच्यात बसायचं, त्या काय जेवतात, कुठं झोपतात, कुणाची लेकरं कुठं शाळेत जातात ते विचारायचं, आणि निघताना मालकिणीची वाट्याची वही बघायला मागायची. वही पुढं केली तर दसऱ्याला पोरगी जाईल.