वाळुंजाचा काढा, पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत: मुळ्यांना उत्तम, पण गाळायचा कंटाळा चालत नाही

जूनमध्ये आणलेली रूटिंग पावडरची (कलमांना मुळ्या फुटाव्यात म्हणून लावतात ती) डबी उघडली तर आत खडा झालेला, आणि तळाशी छापलेली मुदत कधीच उलटून गेलेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, उघडलेला माल परत घेत नाही." मुदतीवर बोट ठेवून दाखवलं तरी तेच उत्तर. त्या डबीचे पैसे पुन्हा मोजायचे नाहीत, हे मी तिथेच ठरवलं आणि वाळुंजाकडे वळले.

विलो झाडाच्या काड्या भिजवलेलं पाणी कलमांना मुळ्या फुटायला वापरतात, हे बागकाम करणाऱ्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आपल्या नदीकाठचं वाळुंज त्याच कुळातलं. जून सालीची फांदी उपयोगाची नाही. यंदाची, पेन्सिलीपेक्षा बारीक, पिवळट-हिरवी काडी हवी. पानं काढायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. दोन कप तुकड्यांवर लिटरभर उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून दिवसरात्र ठेवायचं. मग गाळून, त्याच गार झालेल्या काढ्यात कलमं रात्रभर उभी करायची आणि सकाळी कोकोपीट-वाळूत लावायची. खर्च गॅसचा, तोही पाच मिनिटांचा.

आता गाळणं. कृती सांगणारा प्रत्येक जण "गाळून घ्या" एवढं म्हणून पुढे जातो, आणि माझा राग नेमका त्यावर आहे. चहाच्या गाळणीतून सालीचा बारीक चुरा सर्रास खाली उतरतो. तो कलमाच्या कापलेल्या टोकाला चिकटतो, बुळबुळीत थर धरतो, त्यावर बुरशी पोसते आणि काडी खालून काळी पडत वर येते. मोगऱ्याची अख्खी पहिली खेप अशीच गेली, आणि शेजारी साध्या पाण्यातल्या काड्या मात्र हिरव्यागार! जुन्या सुती साडीचा तुकडा चौपदरी करून गाळल्यापासून हा प्रकार थांबला. काढा रात्रभर स्थिर ठेवून वरचा निवळ तेवढाच ओतून घेतला तर आणखी उत्तम. तळाचा गाळ कुंडीत टाका, कलमांना दाखवूही नका. बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी पाणी गढूळ झालं किंवा आंबूस वास आला की ओतून द्यायचं. त्यात काटकसर करू नये.

सुरुवातीला मी शेवग्याच्या पाल्याचा रसही याच रांगेत धरला होता. पाला आमच्याच झाडाचा, म्हणजे फुकट, त्यामुळे माझा कल तिकडेच जास्त होता. दिवाळीपर्यंत मत पार बदललं. शेवग्याच्या पाण्यातल्या जास्वंदीला डोळे छान फुटले, पानंही आली, पण उपटून पाहिलं तर खाली काहीच नाही. कारण सरळ आहे. शेवग्याच्या पानात झिॲटिन असतं, ते सायटोकायनिन गटातलं संजीवक. मुळ्या फुटायला लागतं ते ऑक्झिन. 1957 मध्ये स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिलं की ऑक्झिन वरचढ असेल तर मुळं येतात आणि सायटोकायनिन वरचढ असेल तर कोंब. तेव्हा शेवग्याचा रस भरपूर पातळ करून, मुळं धरलेल्या रोपांवर फवारा. तिथे तो सोनं आहे.

वाळुंजाचं पाणी मात्र मुळांच्याच बाजूचं. माकोतो कावासे या संशोधकांनी 1970 मध्ये पांढऱ्या विलोत मुळं फुटायला मदत करणारी द्रव्यं असल्याचं दाखवलं. त्यांचं झाड युरोपातल्या जातीचं, आपलं वेगळ्या जातीचं, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे मी इथे लावत नाही. माझ्या गच्चीवर दिसलं ते सांगते. सासवडहून आणलेल्या अंजिराच्या काड्यांत फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता: साध्या पाण्यातल्यांना दोन-चार धागे, काढ्यातल्यांना भरगच्च झुपका. मोगराही नीट गाळल्यावर सुधारला. गावठी गुलाब लागला. जास्वंदीला विशेष फरक नाही, ती अशीही लागते. बोगनवेल आणि मोठ्या फुलांच्या कलमी गुलाबाने दाद दिली नाही.

म्हणून पावडर मी पूर्णपणे मोडीत काढणार नाही. तिच्यात आयबीए (ऑक्झिनचाच एक प्रकार) ठरलेल्या मात्रेत असतं: कोवळ्या काडीला साधारण 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), जून काडीला त्याच्या कितीतरी पट. काढ्यात किती उतरलं, ते त्या काडीवर आणि त्या ऋतूवर. बोगनवेलीसाठी मी पावडरच घेईन, पण दुसऱ्या दुकानातून आणि मुदत वाचून.

एक कळकळीची विनंती. वाळुंज कुठे दिसलं म्हणून ओरबाडू नका. ओढ्या-नद्यांच्या काठाला भिंती बांधत गेलो की सगळ्यात आधी जागा जाते ती याच झाडाची, आणि काठाची माती धरून ठेवणारं झाडही तेच आहे. पुण्यात मुठेकाठी उरलेली झाडं बघून घ्या, मग हात लावावासा वाटणार नाही. पुरात तुटून पडलेल्या ओल्या फांद्या मिळतात, मी त्याच आणते. त्यातली एक काडी पाण्यात ठेवा, काही न करता मुळ्या धरते. माझी आता ड्रममध्ये कंबरेएवढी झाली आहे आणि या खेपेचा काढा तिच्याच छाटणीचा आहे. रोज भरपूर पाणी पिते, तेवढी तयारी ठेवा.