हॉलमधला बिनआवाजाचा कॉम्प्युटर, आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे टीव्हीला कॉम्प्युटर जोडला तो आईच्या जुन्या नाटकांसाठी. बरीचशी व्हीसीडीवरून उतरवून घेतलेली, काही डीव्हीडीवरची. नाटकात कसं असतं, बोलता बोलता नट थांबतो, दोन-तीन सेकंद काहीच नाही, सगळी जान त्या पॉजमध्ये असते आणि नेमकं तिथेच टीव्ही युनिटच्या खालून घूंऽऽऽ. दिवसा ठाण्यात नौपाड्याला रिक्षांच्या आवाजात कळायचं नाही, पण रात्री साडेदहानंतर खिडक्या लावल्या की तेवढंच ऐकू यायचं. आई आवाज वाढवायची, मग संवाद अंगावर यायचे.

आधीचा सेट होता एएमडीच्या रायझन ३ ३२००जी प्रोसेसरचा, ६५ वॉटचा, त्याच्यासोबतच आलेल्या पंख्यासकट. प्रोसेसर वाईट नाही, आता भावाकडे ऑफिसच्या कामाला मस्त चालतोय. पण त्यातल्या वेगा ग्राफिक्सला (चित्र सांभाळणाऱ्या भागाला) एव्ही१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ डीकोड करता येत नाही, म्हणजे उलगडता येत नाही, तशी फाइल लावली की सगळा भार कोअर्सवर, कोअर तापले की पंखा चढणार आणि चढला की खाली यायला वेळ लावणार. मी वर्षभर पंखेच बदलत बसलो. पंख्याचा स्पीड निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो हे खरंय, पण आत उष्णता तेवढीच असेल तर पंखा निम्म्यावर राहणारच कसा? म्हणून सांगतो, असा सेट घ्यायचा असेल तर पंख्यापासून सुरुवात करू नका, आधी बघा चिप किती तापते आणि तुमच्या फाइली ती स्वतःच्या ग्राफिक्समध्ये डीकोड करते का. बाकीचं मागाहून.

शेवटी घेतला एसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स मदरबोर्ड. १७ बाय १७ सेंटीमीटर, म्हणजे मिनी-आयटीएक्स मापाचा, इंटेलची एन१०० ही ४ कोअरची चिप त्यावर सोल्डर करूनच येते. ६ वॉटची आहे, क्षणभर जास्त ओढते पण सिनेमा बघताना नाही, आणि एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९, एव्ही१ हे तिन्ही व्हिडिओ प्रकार हार्डवेअरमध्येच डीकोड करते. चिपवर पंखा नाही, नुसता हीटसिंक. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मागे १९ व्होल्टची डीसी पिन आहे, लॅपटॉपसारखा अ‍ॅडाप्टर लावायचा, त्यामुळे कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच (वीजपुरवठ्याचा डबा) नाही म्हणजे त्याचाही पंखा नाही. एचडीएमआयवरून फोरके ६० हर्ट्झ मिळतं.

ठाण्यात स्टेशनजवळ दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळीकडे आय३ आणि काचेचं मोठं कॅबिनेटच पुढे करत होते. मग शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड (रविवारी जाऊ नका, बहुतेक बंद असतं). तिथे एका काकांनी आधी विचारलं, "कशाला पाहिजे?" टीव्हीखाली ठेवायचाय म्हटल्यावर स्वतः बॉक्स उघडून बोर्ड हातात दिला आणि म्हणाले, "रॅम एकच लागेल, दोन घेऊ नका, स्लॉटच एक आहे." दुकानदार गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो तेव्हा बरं वाटतं. तसंही एन१०० सिंगल चॅनलच आहे (रॅमकडे जायची वाट एकच), ८ जीबीची एक डीडीआर४ पुरते. फक्त एक लक्षात ठेवा, असूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ पण अस्साच दिसतो पण त्याला लॅपटॉपची छोटी रॅम लागते आणि नेहमीचा २४ पिनचा एसएमपीएस. नावं सारखी वाटतात म्हणून घाईत ऑर्डर करू नका. बोर्ड, रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेट, पंखा सगळं मिळून मला २५ हजारांच्या आत पडलं.

अ‍ॅडाप्टरने मात्र डोकं फिरवलं. ऑनलाइन स्वस्तातला मागवला, लावला, सगळं चालू झालं, आणि रात्री कुठूनतरी कुंईऽऽ असा डासासारखा बारीक आवाज. मेन्यू हलवला की सूर बदलायचा, थांबलो की परत तोच. आधी बोर्डवर संशय घेतला, मग जमिनीवर झोपून कान लावत लावत गेलो तर एक्स्टेन्शन बोर्डात लावलेला अ‍ॅडाप्टरच वाजत होता. विकणाऱ्याने परत घेतला नाही, म्हणे "चालतोय ना?" घरातल्या जुन्या लॅपटॉपचा ६५ वॉटचा अ‍ॅडाप्टर लावला, पिनची जाडी जुळली, मधला भाग पॉझिटिव्ह आहे हे छापलेलं बघून घेतलं, आणि आवाज गायब. शांत सेट पाहिजे असेल तर अ‍ॅडाप्टरवर पाचशे रुपये वाचवू नका.

आता पंखा नसलेला बोर्ड म्हणून पंखा अजिबात नको असं वाटलं होतं मला. मे महिन्यात ठाण्यात ते जमत नाही. युनिटच्या बंद कप्प्यात दोन तासांचा सिनेमा झाला की चिप ८२ डिग्रीला. कंपनीची मर्यादा १०५ ची आहे, तरी शेजारची एनव्हीएमई पण भाजत होती म्हणून मला बघवेना. एक १२० एमएमचा ४ पिनचा पंखा कॅबिनेटच्या बाजूला बसवला, स्क्रूऐवजी रबराच्या पिनांवर, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५०० फेऱ्यांवर, बांधून टाकला. सुताराकडून युनिटच्या पाठीला वीतभर फट पाडून घेतली. आता तोच सिनेमा, ५८ डिग्री. ५०० वर पंख्याला हात लावल्याशिवाय तो फिरतोय हे कळत नाही. पुढची निळी लाइट मी काळ्या टेपने झाकली होती, आईने काढायला लावली, चालू झालाय की नाही तेच समजत नाही म्हणाली.

हार्ड डिस्क हॉलमध्ये ठेवूच नका. साडेतीन इंची डिस्क मी आधी त्याच युनिटमध्ये ठेवली होती, तिची थरथर प्लायवूडला लागली की अख्खं युनिट तबल्यासारखं बोलतं. आता ती बेडरूममधल्या जुन्या पीसीत आहे, तिथून लॅनची वायर ओढली. वायफायवर फोरकेच्या मोठ्या फाइली अडकायच्या, त्या मधूनच १०० एमबीपीएसच्या वर उडी मारतात.

सॉफ्टवेअर म्हणजे लिब्रेइलेक (टीव्हीसाठीचं छोटं लिनक्स), त्यावर फाइली दाखवणारं कोडी. फाइलच्या फ्रेमप्रमाणे टीव्हीचं रिफ्रेश बदलायचं सेटिंग आहे ते पहिल्या दिवशीच चालू करा, आपल्याकडच्या व्हीसीडी-डीव्हीडी पाल म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या, टीव्ही ५० हर्ट्झवर गेला की रंगमंचावर कोणी चालत गेलं तरी झटके बसत नाहीत. सिनेमे २३.९७६ वर. हे एवढ्याने चित्र किती सुधारतं ते आईलाही दिसलं, तिला मी काही सांगितलं नव्हतं.

दोन गोष्टी खटकतात. या बोर्डाला टीव्हीचा रिमोट ओळखता येत नाही, पीसीच्या एचडीएमआयमध्ये सीईसी (टीव्हीच्या रिमोटचे हुकूम वायरमधून पोचवायची सोय) सहसा नसतंच, वेगळा यूएसबी रिसीव्हर आणि रिमोट घ्यावा लागला आणि आईला दोन रिमोट सांभाळावे लागतात. दुसरं म्हणजे ओटीटी. लिनक्सवर वाइडवाइनची (ओटीटीवाल्यांच्या कॉपी-संरक्षणाची) एल१ लेव्हल मिळत नाही, त्यामुळे पूर्ण क्वालिटीत चित्र येत नाही, त्यासाठी टीव्हीतलीच अ‍ॅप वापरतो. तुमच्याकडे स्वतःच्या फाइली नसतील, सगळं ओटीटीवरच बघत असाल तर हा खर्च करू नका, टीव्हीला लावायची चांगली स्ट्रीमिंग स्टिक घ्या.

आमच्याकडे अजून चाळीसेक व्हीसीडी उतरवायच्या राहिल्यात, दोन-तीनला बुरशी आलीय. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या हातावेगळ्या करायच्यात.