पाप-पुण्याची पट्टी: फँटसी आरपीजींमधल्या नैतिक निवडी, काही महिन्यांच्या वापरानंतर

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम: खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि त्याच्या निवडींनी गोष्ट पुढे सरकते. त्यातल्या बाल्डर्स गेट 2 (2000) मध्ये पार्टीचं, म्हणजे नायक आणि त्याच्या साथीदारांचं, रेप्युटेशन (नावलौकिक) 1 ते 20 या आकड्यांत मोजतात. आकडा चढला की दुकानात माल स्वस्त मिळतो, घसरला की भाव वाढतात, आणि फारच खाली गेला की पहारेकरी अंगावर धावून येतात. इथवर ठीक आहे. पण आकडा 19-20वर पोचला की कोर्गन, एडविन, व्हिकोनिया असे दुष्ट अलाइनमेंटचे (नैतिक कलाचे) साथीदार पार्टी सोडून चालते होतात. मग ज्याला व्हिकोनिया हवी आहे तो काय करतो? रस्त्यावरच्या एखाद्या निरपराध माणसाला मारून आकडा खाली आणतो, आणि तो जास्तच घसरला तर देवळात सोनं देऊन पुन्हा वर चढवतो. खून आणि दान, दोन्ही कामं एकाच कारणासाठी: आकडा हव्या त्या पट्ट्यात राहावा.

या जातीचे गेम काही महिने सलग, एकामागून एक शेवटपर्यंत खेळले की हाच प्रकार वेगवेगळ्या वेषात पुन्हा पुन्हा भेटतो. गेम 'काय केलंस' याची चोख नोंद ठेवतो, 'का केलंस' हे मात्र विचारत नाही. माझ्या मते मूळ दोष हाच. बाकीचे सगळे दोष त्याला फुटलेले फाटे आहेत.

हा दोष आला कुठून ते बघण्यासारखं आहे. 1974च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या आरपीजीमध्ये अलाइनमेंटचे तीनच प्रकार होते: लॉ (नियमनिष्ठ), न्यूट्रल (तटस्थ), केऑस (स्वैर). 1978च्या प्लेअर्स हँडबुकपर्यंत त्यात गुड-इव्हिलचा दुसरा अक्ष मिसळून नऊ घरं झाली. टेबलावर हे चालून जातं, कारण समोर डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, बसलेला असतो. 'त्या कैद्याला का सोडलंस?' असं तो विचारू शकतो आणि उत्तर ऐकून ठरवू शकतो. कॉम्प्युटरवर आल्यावर घरं तशीच राहिली, विचारणारा माणूस तेवढा गेला. नेव्हरविंटर नाइट्स (2002) मध्ये दोन्ही अक्ष 0 ते 100 अशा आकड्यांवर आले. कैदी सोडला की आकडा सरकणार, मग तो दयेपोटी सोडलेला असो, नाहीतर त्याचा पाठलाग करून टोळीचा अड्डा शोधण्यासाठी.

खरं तर सुरुवात फार चांगली झाली होती. अल्टिमा 4 (1985) मध्ये कुणी महाखलनायकच नाही; आठ सद्गुण अंगी बाणवणं हाच खेळ. जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी आहे आणि किती नाणी दिली ते खेळाडूने स्वतः टाइप करायचं. कमी टाकली तरी व्यवहार होतो, ओरडत कुणी नाही. पण प्रामाणिकपणाचा छुपा आकडा तिथेच घसरतो. तो पडद्यावर कुठेही दिसत नाही. आपण कुठवर आलो ते राजवाड्यातल्या हॉकविंड या द्रष्ट्याला जाऊन विचारावं लागतं, आणि तोही शब्दांत सांगतो, आकड्यात नाही. मोह समोर आहे, फायदा ताबडतोब आहे, फळ उशिरा आहे. चाळीस वर्षांपूर्वी इतकं जमलं होतं.

पुढे आकडा डोळ्यांसमोर आला आणि घसरण सुरू झाली. फेबल (2004) मध्ये तर तो थेट चेहऱ्यावर येतो: चांगल्याच्या डोक्यामागे प्रभावळ, वाईटाला शिंगं. पहिल्या काही तासांत गंमत वाटते. पण तिथे डाकू मारले की चांगुलपणा वाढतो, आणि डाकू तर वाटेवर पावलोपावली भेटतात. त्यामुळे काहीही न ठरवता, नुसतं या गावातून त्या गावात जाण्यानेच माणूस पुण्यवान होत जातो. वाईट व्हायचं तर खास कष्ट घ्यावे लागतात. चुकून वाईट झालात तर अॅव्होच्या देवळात पैसे द्या, हिशोब चुकता. फेबल 2 (2008) ने यावर उपाय म्हणून शुद्ध-भ्रष्ट असा दुसरा अक्ष आणला. त्यात भाडेकरूंकडून जास्त भाडं घेणं भ्रष्ट, हे पटतं. पण त्याच अक्षावर मांसाचा पदार्थ खाल्ला की घसरण आणि टोफू खाल्ला की शुद्धी. दोन निराळ्या गोष्टी एका बादलीत ओतल्यावर त्या बादलीतलं पाणी काय सांगणार?

फेबल 3 (2010) बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कल्पना सगळ्यात मोठी तिथे होती आणि ती फसलीही तिथेच. निम्मा गेम संपल्यावर खेळाडू गादीवर बसतो आणि त्याला कळतं की वर्षभरात अंधाराचं सैन्य येणार आहे. 65 लाख प्रजा आहे आणि संरक्षणासाठी खजिन्यात 65 लाख सोन्याची नाणी हवीत. जेवढी कमी पडतील तेवढी माणसं मरतील. दरबारात एकेक प्रश्न येतो: अनाथालय दुरुस्त करायचं की तिथे कुंटणखाना काढून पैसे कमवायचे? बंडाच्या वेळी दिलेली वचनं पाळायची की मोडायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी खरीखुरी कोंडी. पण तिला तीन भोकं आहेत. एक, राजा स्वतःच्या खिशातून खजिन्यात पैसे टाकू शकतो. घरं-दुकानं विकत घेऊन भाड्याने दिली की ठरावीक वेळाने पैसे येतच राहतात, म्हणून थोडा धीर धरला की सगळी वचनं पाळूनही 65 लाख भरता येतात. म्हणजे कोंडी सुटते ती कंट्रोलर बाजूला ठेवून वाट बघितल्याने. दोन, दिवस सरळ क्रमाने जात नाहीत. 121 दिवस उरले असं दिसत असतं आणि पुढच्या उडीत हल्लाच येऊन ठेपतो. ज्याने 'अजून चार महिने आहेत' म्हणून पैसे भरायचे बाकी ठेवले, त्याची प्रजा नैतिक चुकीने मरत नाही, कॅलेंडरच्या मांडणीमुळे मरते. तीन, प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू, एक देवदूताची आणि एक राक्षसाची. 'यंदा अनाथालय बंद ठेवू, मुलांची सोय दुसरीकडे करू' असं कुठलाही साधा कारभारी म्हणेल, ते म्हणण्याची सोयच नाही. आता हा गेम घेणाऱ्याने एवढं करावं: 121चा आकडा दिसला की पुढचं काम सुरू करण्याआधी खजिना भरावा, नंतर संधी नाही.

बक्षिसाचं गणितही नीट तपासलं पाहिजे. फँटसी नाही, पण उदाहरण इतकं स्वच्छ आहे की घेतोच: बायोशॉक (2007) मध्ये छोट्या मुलीचा जीव घेतला तर 160 अॅडम (शक्ती विकत घ्यायचं चलन), वाचवली तर 80. निवड भारी वाटते. मात्र दर तीन मुली वाचवल्यावर 200 अॅडमची भेट येते. तिघींमागे 480 विरुद्ध 440. चाळिसाच्या फरकासाठी कुणाच्या मनात द्वंद्व होणार? भल्या मार्गाची किंमत डिझायनरने स्वतःच भरून टाकली.

ड्रॅगन एज: ओरिजिन्स (2009) मधला रेडक्लिफ किल्ल्याचा प्रसंग हे याच दुखण्याचं सुंदर लिहिलेलं रूप. कॉनर नावाच्या मुलाला राक्षसाने झपाटलंय. मुलाला मारायचं, की रक्तजादूसाठी त्याच्या आईचा बळी द्यायचा? इकडे आड तिकडे विहीर. मग तिसरा दरवाजा उघडतो: सर्कल या जादूगारांच्या संस्थेची मदत आणा. सर्कल तळ्यापलीकडे आहे, जाऊन यायला दिवस लागणार, आणि तेवढ्या वेळात राक्षस किल्ल्यात मोकाट सुटणार असं संवादातच बजावलेलं असतं. प्रत्यक्षात कितीही वेळ लावा, काहीही होत नाही. जादूगार जिवंत ठेवले असले की सगळे वाचतात. मागे राहिलेल्यांपैकी काही लोक जाण्याच्या उशिराने मेले असते, तर हाच प्रसंग पारडं खरंच हलवणारा झाला असता. लेखकांनी इशारा लिहिला, प्रोग्रॅमिंगमध्ये तो उतरलाच नाही. साथीदारांचं अप्रूव्हलही (खेळाडूबद्दलची पसंती) इथे भेटवस्तूंनी विकत मिळतं. प्रत्येक पुढच्या भेटीचं वजन कमी होतं एवढाच लगाम.

जेड एम्पायर (2005) थोडक्यात: ओपन पाम आणि क्लोज्ड फिस्ट ही चांगलं-वाईट नसून दोन तत्त्वज्ञानं आहेत, दुबळ्याला आधार देणं आणि दुबळ्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला भाग पाडणं, असं सुरुवातीला सांगतात. मांडणी उत्तम आहे. प्रत्यक्ष संवादांत क्लोज्ड फिस्टच्या वाट्याला बहुतेक वेळा पैसे उकळणं आणि दमदाटीच येते.

हल्लीच्या गेममध्ये पट्टी गेली तरी परतावा राहिलाच. बाल्डर्स गेट 3 (2023) मध्ये पॅलडिनची (शपथबद्ध योद्ध्याची) शपथ मोडली की ओथब्रेकर नाइट नावाचं पात्र कॅम्पमध्ये येतो आणि 1000 सोनं दिलं की शपथ परत मिळते. पाथफाइंडर: राथ ऑफ द राइटियस (2021) मध्ये अॅटोनमेंटचं (प्रायश्चित्ताचं) स्क्रोल वाचलं की अलाइनमेंट मूळ जागी. शिवाय वाईट वाटेची मांडणी अजून उणीच आहे. बाल्डर्स गेट 3 मध्ये मिन्थारा या खलनायिकेच्या बाजूने उभं राहून ग्रोव्ह ही निर्वासितांची वस्ती कापून काढली की विल आणि कार्लाक हे साथीदार कायमचे जातात, आणि तिथल्या टीफ्लिंग निर्वासितांबरोबर पुढच्या अंकांतली त्यांची सगळी कामं आणि डॅमनसारखा लोहारही जातो. त्या बदल्यात मिळतं ते फारच थोडं. शिक्षा म्हणून हे पटतं असं काहीजण म्हणतील, पण ही शिक्षा पात्राला होत नाही, खेळाडूने गेमसाठी मोजलेल्या पैशाला होते.

मग जमलंय कुठे? माझं पहिलं बोट प्लेनस्केप: टॉर्मेंट (1999) कडे जातं. तिथे संवादाच्या यादीत कधीकधी तेच वाक्य दोनदा येतं. 'मी परत येईन' याच्या एका ओळीपुढे खरं, दुसरीपुढे खोटं अशी खूण. समोरच्या पात्राला दोन्ही सारखीच ऐकू येतात, त्याचं उत्तरही बऱ्याचदा तेच. फरक पडतो तो नायकाच्या अलाइनमेंटला, जी पूर्ण तटस्थ जागेवरून सुरू होऊन अशाच ओळींनी घडत जाते. म्हणजे हेतू विचारण्यासाठी महागडं तंत्र लागत नाही, यादीत एक जादा ओळ लागते. इतका स्वस्त उपाय डोळ्यांसमोर असताना पुढच्या गेमनी तो क्वचितच उचलला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा उपाय द विचर (2007) चा: निकाल उशिरा. पहिल्या अंकात हॅरेन ब्रॉग नावाचा व्यापारी नदीकाठच्या खोक्यांवर रात्री पहारा द्यायला सांगतो. ड्राउनर नावाचे पाण्यातले राक्षस मारले की स्कोइआटेल या बंडखोर टोळीचे एल्फ येऊन खोकी मागतात. दिली तर भांडण मिटतं, गेम काहीच बोलत नाही. कित्येक तासांनी, दुसऱ्या अंकात, ज्याच्याकडून माहिती मिळायची तो कोलमन बाणांनी मेलेला सापडतो आणि चित्रांच्या छोट्या फ्लॅशबॅकमध्ये ती खोकी दिसतात. तोवर इतके सेव्ह मागे पडलेले असतात की जुनं सेव्ह उघडून रीलोड करायला कुणी धजावत नाही. साखळी मात्र स्वच्छ आहे: काय दिलं आणि कुणाला दिलं हे खेळाडूला माहीत होतं.

द विचर 3 (2015) मध्ये सिरी या नायकाच्या मानलेल्या मुलीच्या शेवटाबाबत नेमकी हीच साखळी तुटते. मोजक्या पाच प्रसंगांची गुपचूप बेरीज होऊन तिचं नशीब ठरतं. त्यातल्या एकात ती खचून बसलेली असताना 'सगळंच जमलं पाहिजे असं नाही' असं मायेने म्हटलं तर ते तिच्याविरुद्ध जातं, आणि बर्फाचे गोळे फेकत खेळलं तर तिच्या बाजूने. आकडा लपवणं योग्यच. प्रश्न विचारलाय हेच लपवणं वेगळं. इथे पुन्हा 'का' हरवतो, कारण मायेने बोलणाऱ्याचा हेतू गेमने स्वतःच्या मनाने ठरवला.

पट्टी सोसायला सोपी करायची असेल तर काही गोष्टी आधीच कराव्यात. पिलर्स ऑफ इटर्निटी (2015) मध्ये दयाळू, क्रूर, प्रामाणिक, फसवा असे दहा स्वभाव वेगवेगळे मोजले जातात आणि एकमेकांना खोडत नाहीत. सेटिंग्जमध्ये जाऊन संवादांपुढचे स्वभावाचे टॅग बंद करा आणि पात्रता नसलेल्या ओळीही लपवा, तेव्हा कुठे वाक्य वाचून निवड होते. अपवाद प्रीस्ट आणि पॅलडिनचा. उदाहरणार्थ इओथास या देवाच्या प्रीस्टची ताकद दयाळू आणि प्रामाणिक या दोहोंवर अवलंबून असते, म्हणून त्यांच्यासाठी टॅग सुरू ठेवावे लागतात. बाल्डर्स गेट 3 मध्ये ऑनर मोडला एकच सेव्ह असतं. लढाया जमत असतील तर दुसरी फेरी त्यातच खेळा.

आणि रीलोडची सवय मोडत नसेल तर अंडरटेल (2015) घ्या. सुरुवातीला सांभाळणाऱ्या टोरिएलला मारून, वाईट वाटलं म्हणून जुनं सेव्ह उघडून तिला जिवंत ठेवलं, की थोडं पुढे फ्लावी नावाचा खलनायक भेटतो. तू काय केलंस ते मला माहीत आहे, असं तो सांगतो: तिला मारलंस, पस्तावलास आणि मागे गेलास.