लीजच्या गाडीची सर्व्हिस बाहेर करताय? आधी माझं वाचा

सरळ सांगतो, यात अर्धा गाढवपणा माझाच आहे, त्यामुळे 'एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला' हे बायकोने ऑलरेडी म्हणून झालंय, तुम्ही परत म्हणू नका.

जानेवारी २०२३ ला ऑफिसच्या लीज पॉलिसीतून गाडी घेतली. जर्मन, पेट्रोल, पांढरी सेडान. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, गाडीचा काहीच दोष नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लीजमध्ये आरसीवर नाव लीजिंग कंपनीचं असतं, हप्ता आपल्या पगारातून कापला जातो आणि ३६ महिने झाले की एकतर ठरलेली रक्कम भरून गाडी विकत घ्यायची नाहीतर चावी परत द्यायची. माझं पहिल्या दिवसापासून परत द्यायचंच ठरलं होतं.

सही करताना त्यांनी मेंटेनन्स पॅकेज विचारलं होतं, महिन्याला ५,८०० जास्त. ३६ ने गुणलं तर २ लाख ८ हजार ८०० होतात. माझं रनिंग मुलुंड ते बीकेसी, तेही आठवड्यातून तीन दिवस, वर्षाला जेमतेम ९ हजार किलोमीटर. म्हटलं वर्षाला एक सर्व्हिस, तीन वर्षांत तीन, कितीही महाग पडल्या तरी दोन लाखाच्या आतच. पॅकेज नाही घेतलं. हा हिशोब मला आजही बरोबर वाटतो बरं का, शेण पुढे खाल्लं.

पहिली सर्व्हिस डिसेंबर २०२३ ला ऑथराईज्ड वर्कशॉपमध्ये केली, ३८ हजार. दुसरीचं एस्टिमेट आलं ४६ हजार, कारण दोन वर्षं झाली की ब्रेक ऑइलही बदलावं लागतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या दमट हवेत तर काही विचारूच नका. तेव्हा हे सगळं कळायची अक्कल नव्हती, मला फक्त ४६ दिसले आणि डोक्यात एकच विचार, गाडी आपली नाही, वर्षाने देऊन टाकायची, मग लोकांच्या गाडीवर आपण पैसे का घालायचे.

आणि नेमकं हेच वाक्य त्या माणसाने मला फोनवर ऐकवलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका ड्रायव्हरकडून त्याचा नंबर मिळाला होता. ऑथराईज्डमध्ये आठ वर्षं काढली आहेत म्हणाला, आता साकीनाक्याला स्वतःचं गॅरेज आहे. "दादा, लीजची गाडी ना? मग कशाला जीव टाकताय तिच्यावर, ओरिजिनल पार्ट टाकून १९,५०० मध्ये करून देतो, पिकअप ड्रॉप फ्री." बोलणं अगदी गोड, मराठी माणूस, साताऱ्याकडचा, आईच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा केली त्याने दुसऱ्या फोनला. आपला माणूस म्हणून आपण किती पटकन विरघळतो ना. गॅरेज बघायला मी एकदाही गेलो नाही.

सकाळी गाडी पार्किंगमधून उचलली, दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ, खालून काळं ऑइल धो धो पडतंय, बाजूला नवीन फिल्टरचा खोका, आणि एक हात दिसतो, मनगटाला लाल धागा आणि बोटात पोवळ्याची अंगठी. दिवसाअखेर गाडी परत, धुऊन पुसून चकाचक, आत सेंट मारलेला. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा मेसेजही गेला होता. मी खुश, यूपीआय केलं. पैसे गॅरेजच्या नावावर नाही, कुणाच्यातरी वैयक्तिक खात्यावर गेले, ते तेव्हा बघितलंही नाही.

थोड्याच दिवसांत एक गंमत झाली. सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद व्हायचं ना, ते व्हायचं थांबलं. मला ते फीचर कधीच आवडायचं नाही, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा सेकंदाला चालू बंद चालू बंद. मला वाटलं त्यानेच बंद करून दिलं, चांगला पोरगा आहे. म्हणजे चोरी माझ्या समोर होती आणि मी मनातल्या मनात चोराचे आभार मानत होतो.

नोव्हेंबर २०२५ ला तिसरी सर्व्हिस. परत देताना सर्व्हिस झालेली लागते म्हणून, नाहीतर तीही टाळली असती. या वेळी ऑथराईज्डचं एस्टिमेट ५४, याचा रेट २२ हजार. गाडी रात्रभर ठेवावी लागेल म्हणाला, पार्ट यायचाय. रात्री पावणेबाराला फोनवर फास्टॅगचा मेसेज, २५० रुपये कापले, अटल सेतू. साकीनाक्याच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर असलेली गाडी शिवडीवरून न्हावाशेवाला निघालीय! फोन केला तर उचलला नाही, सकाळी म्हणतो "दादा, टेस्ट ड्राईव्ह घ्यावीच लागते, सस्पेन्शनचा आवाज चेक करत होतो." बावीस किलोमीटरचा सागरी पूल ओलांडून सस्पेन्शन चेक करणारा मेकॅनिक मी तरी पहिल्यांदाच ऐकला. टाकी पण अर्धी खाली झालेली.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, तीही पूर्ण नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, बेस्टच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले, त्यांना खाली बोलावलं. काकांनी बॉनेट उघडलं आणि ऑइल बघायची पट्टी शोधायला लागले, पट्टीच नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांत पट्टी नसते, ऑइल किती आहे ते स्क्रीनवर दिसतं, आणि स्क्रीन लेव्हल दाखवते, ऑइल नवं की जुनं ते नाही. "गाडी आहे का टीव्ही रे ही?" म्हणाले. मग त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून एसीचा फिल्टर ओढून काढला. काळाकुट्ट, घड्यांमध्ये सुकलेली पानं आणि एक झुरळ. बिलात लावला होता, 'केबिन फिल्टर २,४००'. मग डिक्कीतला गालिचा उचलून बॅटरी बघितली. अशा स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत एजीएम बॅटरी लागते, सारखं चालू-बंद सोसणारी, ती महाग असते, माझ्या गाडीत साधी, ओरखडे पडलेली, कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतली बसवलेली होती, म्हणूनच ते सिग्नलचं फीचर बंद पडलेलं. काकांनी टायरवरचे चार आकडे पण वाचले, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, शेवटी २२ होतं म्हणजे टायर तरी ओरिजिनल, तेवढंच वाचलं. हे चार आकडे तुम्ही आत्ताच फोटो काढून ठेवा, बॅटरीवरचा नंबर पण.

डॅशबोर्डवरचा मेसेज गेला होता त्याचं काय, विचारलं. काका म्हणाले ते मीटरवरून नाहीतर स्कॅनर लावून दोन मिनिटांत घालवता येतं, ऑइलचा थेंब न बदलता.

मग बिल काढून नीट बघितलं. पार्टवर २८ टक्के जीएसटी लावलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर १८ टक्के झालाय, याचं बिल नोव्हेंबरचं, म्हणजे जुनंच फॉरमॅट तारीख बदलून चालवत होता. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला (हे कोणीही करू शकतं, लॉगिन पण लागत नाही) तर तो भिवंडीच्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. ऑइलच्या पुढे नुसतं 'सिंथेटिक ५डब्ल्यू-३०', म्हणजे फक्त ऑइलचा प्रकार आणि घट्टपणा. या गाड्यांना तेवढं लिहून भागत नाही, कंपनीचा अप्रूव्हल नंबर लागतो, मर्सिडीजला २२९ ने सुरू होणारे, बीएमडब्ल्यूला लाँगलाईफवाले, ऑडी-फोक्सवॅगनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ५०४ ००. आणि व्हिडिओ परत लावला तर कोपऱ्यात चाक दिसतं, अलॉय काळे. माझे चंदेरी आहेत. वर्षभर फोनमध्ये पडून होता तो व्हिडिओ.

साकीनाक्याच्या पत्त्यावर गेलो, तिथे सनमायकाचं दुकान. मालक म्हणाला तुम्ही या महिन्यातले तिसरे.

जानेवारीत गाडी परत द्यायला गेलो तेव्हा खरा दणका बसला. हल्ली सर्व्हिसचं शिक्क्याचं पुस्तक नसतं, नोंद गाडीच्या कंपनीच्या सर्व्हरवर होते, आणि माझ्या गाडीची नोंद एकच, डिसेंबर २०२३. त्या दोन बिलांकडे लीजिंग कंपनीने ढुंकूनही पाहिलं नाही. अ‍ॅग्रीमेंटच्या अकराव्या पानावर स्पष्ट लिहिलंय की सर्व्हिस ऑथराईज्डमध्येच करायची, सही माझीच आहे खाली. चुकवलेल्या सर्व्हिसेस, बॅटरी, इंजिनची तपासणी, सगळं मिळून १ लाख १२ हजार पगारातून कापले. दोन वेळा मिळून ५८,५०० वाचवले होते मी, आणि त्या माणसाला ४१,५०० दिले होते ते वेगळेच.

पोलीस स्टेशनला गेलो. हवालदार साहेब चांगले होते, म्हणाले फसवणुकीला आता ४२० कलम नाही, ३१८ लागतं, पण गाडी तुमच्या नावावर नाही, बिल खोटं, पत्ता खोटा, अर्ज देऊन जा. दिला. १९१५ ला ग्राहक हेल्पलाईनवर पण फोन केला, त्यांनी विचारलं कंपनीचं नाव काय. काय सांगणार. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि फास्टॅगचं स्टेटमेंट तेवढं जपून ठेवलंय.

बाहेरची सगळी गॅरेजं चोर आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, माझी आधीची स्वतःची गाडी सात वर्षं भांडुपच्या एका साध्या गॅरेजवाल्याने सांभाळली, समोर स्टूल टाकून बसायचो आणि जुने पार्ट पिशवीत घालून घरी आणायचो. तिथे बसायचो कारण ती माझी होती.

गेल्या मंगळवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या टीममधला एक जण कोणालातरी मोबाईल दाखवत होता, बघ म्हणे, सर्व्हिसचा व्हिडिओ पण पाठवतात, ऑथराईज्डच्या निम्म्यात. मी मान लांब करून बघितलं. धो धो काळं ऑइल, काळे अलॉय, लाल धागा, पोवळ्याची अंगठी. त्याला विचारलं तुझी गाडी कुठली, म्हणाला लीजची आहे, ग्रे. म्हटलं परत आली का? "नाही, रात्रभर ठेवावी लागेल म्हणाला, पार्ट यायचाय."