महालक्ष्मी रेसकोर्स: करमणुकीला झकास, कमाईला नापास

मुंबईत रेसचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात हाच कारभार पुण्याला हलतो. १८८३ पासूनचं महालक्ष्मीचं मैदान, जुना ग्रँडस्टँड, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणारी २४०० मीटरची इंडियन डर्बी: नुसतं बघायला जाणाऱ्याची दुपार मजेत जाते. दोन रेसच्या मध्ये अर्धा तास मिळतो. तो बारमध्ये न घालवता पॅडॉकच्या, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याशी घालवा. मागच्या पायांमध्ये घामाचा पांढरा फेस आलेला, सईसाला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) ओढत नेणारा घोडा बऱ्याचदा तिथेच अर्धी ताकद संपवत असतो.

पैसे लावायचे असतील तर आपण शौक म्हणून खेळतोय की हिशेबाने, हे गेटबाहेरच ठरवावं. गल्लत केली की खिसा रिकामा होतो.

शौकवाल्याचं काम सोपं. सिनेमा आणि जेवणाला जेवढे घालवाल तेवढे पैसे रोख न्या आणि ते गेलेच असं समजा. विन (घोडा पहिला येणार) किंवा प्लेसची (पहिल्या काहींत येणार) छोटी तिकिटं पुरेत. जॅकपॉटच्या मोहात मात्र माणूस फसतो. त्यात पाच रेसचे विजेते सांगायचे असतात. प्रत्येक रेसमध्ये फक्त दोन घोडे घेतले तरी ३२ जोड्या होतात, आणि दोन रेसमध्ये तिसरा घोडा वाढवला की ७२. म्हणजे एका जोडीच्या किमतीला ७२ ने गुणायचं. 'थोडेच वाढवतो' म्हणणारे इथेच गारद होतात.

हिशेबी माणूस भावांचा बोर्ड बघण्याआधी घरी रेसबुक, म्हणजे घोड्यांच्या माहितीची पुस्तिका, उघडून बसतो. समजा क्लास फोरची हँडिकॅप आहे, म्हणजे जास्त रेटिंगच्या (गुणांच्या) घोड्यावर जास्त वजन लादलेली रेस, रेटिंग २० ते ४६. मागची रेस जिंकून घोड्याचं रेटिंग ६ ने चढलं असेल, तर त्याच क्लासात पाठीवर सुमारे ३ किलो जादा येतात. शिकाऊ जॉकी बसवला असेल तर त्याला वजनात सूट किती, ते वजा करायचं. मग सकाळच्या सरावाच्या नोंदी. शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत, पण शेजारी 'पुश्ड' (जोर लावून पळवला) लिहिलंय; दुसरा ४० सेकंदांत, 'मूव्ह्ड फ्रीली' (सहज पळाला). नवखा ३८ वर धावतो. जाणता आधी विचारतो, कोणत्या वाळूवर, पाठीवर कोण होतं, आणि घोडा हातात राखून पळाला का? पुण्याच्या ओल्या हिरवळीवर आलेला घोडा मुंबईच्या टणक ट्रॅकवर तसाच पळेल असंही नाही. म्हणून पेनेट्रोमीटरचा, म्हणजे ट्रॅक किती मऊ-टणक ते मोजणारा, आकडा बघायचा. शेवटी प्रत्येक घोड्याला जिंकण्याची टक्केवारी द्यायची, बेरीज १००. अशी टक्केवारी देणं जमत नसेल तर ती रेस सोडायची. रेस सोडता येणं ही खरी कसोटी. आठ रेसच्या दिवशी दोनच खेळणारा माणूस बुकींच्या रिंगमध्ये विरळाच.

एवढं करूनही खरा अडसर कराचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं खरं, पण जीएसटीने तिला लॉटरी-कॅसिनोच्या पंगतीतच बसवलं. सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. बुकीकडे १०० रुपये लावताना वर ४० कर धरा. बरोबरीच्या भावाला (शंभराला शंभर नफा) घोडा आला तर २०० हातात, खर्च १४०. म्हणजे फक्त भांडवल राखायलाही शंभरात ७० वेळा बरोबर यायला हवं. कर नसता तर ५० पुरले असते. एकास चारच्या भावाला (शंभराला चारशे नफा) २० च्या जागी २८ टक्के लागतात. आणि शंभराला चाळीस देणारा फेव्हरिट आला तरी तुमचा नफा शून्य! शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, वर सेस. हरलेली तिकिटं त्यातून वजा होत नाहीत. त्यामुळे रेसवर घर चालवण्याची भाषा करणाऱ्याने आधी ही बेरीज मांडून दाखवावी.

बाहेरचा डब्बेवाला, म्हणजे चोरून पैसे घेणारा बुकी, 'कर नाही' म्हणून बोलावतो. तो धंदा बेकायदा आहे, पावती नाही, आणि मोठी रक्कम लागली की त्याचा फोन बंद.

बुकींची रिंग आणि टोट (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी खिडकी) दोन्ही सोयी चालतात, स्वभाव वेगळे. बुकीकडे तिकिटावर लिहिला तो भाव पक्का. टोटचा डिव्हिडंड (जिंकल्यावर मिळणारी रक्कम), १० रुपयांमागे जाहीर होणारा, खिडकी बंद झाल्यावरच ठरतो. भाव तुटला, म्हणजे खाली आला, की गर्दी मागे धावते. पण एकास चारला परवडणारा घोडा एकास दोनला परवडत नाही, भले तोच जिंको. तिसऱ्या रेसनंतर हरलेले भरून काढायला रक्कम दुप्पट करणारे शेवटच्या रेसपर्यंत कफल्लक होतात. त्यांना कुठलं रेसबुक वाचवत नाही.

करमणुकीसाठी पाचपैकी चार तारे. कमाईसाठी एक, तोही रेसबुकातल्या तपशिलाला. आणि घोडा दुसरा आला म्हणून तिकीट लगेच फाडू नका: ऑब्जेक्शन (रेसबद्दलची तक्रार) लागून निकाल फिरतो, तेव्हा पक्का निकाल जाहीर होईपर्यंत ते खिशातच ठेवा.