क्रॅब की विंग-लो? आडव्या वाऱ्यात सेसना उतरवताना

बारामतीला दुपारी वारा आडवा सुटला की शिकाऊ पायलटला हाच प्रश्न पडतो, सेसना १७२ हे छोटं शिकायचं विमान क्रॅबमधे आणायचं की विंग-लो करून.

क्रॅब म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवायचं, पंख सरळ, विमान खेकड्यासारखं तिरकं सरकत रनवेच्या रेषेवर येतं. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, ६५ नॉटच्या आसपास हे एकदम आरामाचं. गोची शेवटच्या पाच सेकंदात आहे, फ्लेअर करता करता, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेताना, रडरने (शेपटीवरच्या उभ्या पात्याने) नाक सरळ करायचं आणि तेव्हाच वाऱ्याकडचा पंख खाली घ्यायचा, घाई केली तर विमान वाहून जातं, उशीर झाला तर टायर आडवे घासतात, चर्रर्र आवाज येतो आणि बाजूला बसलेले सर काहीच बोलत नाहीत, ते जास्त लागतं.

विंग-लोमधे ही कसरत आधीच सुरू करायची. वाऱ्याकडचा पंख खाली, रडर उलट्या बाजूला. ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, थोडी पॉवर लागते, सीटवरून घसरतोय असं वाटतं, आधी एकच चाक टेकतं ते तर विचित्रच. पण पूर्ण रडर देऊनही नाक सरळ राहत नसेल तर वारा झेपणार नाही हे वरच कळतं, सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. क्रॅबमधे हे कळेपर्यंत रनवे खाली आलेला असतो.

म्हणून मी नवख्याला विंग-लोच सांगेन. मी स्वतः आता २०० फुटांपर्यंत क्रॅब, मग विंग-लो. आणि चाकं टेकली म्हणून एलेरॉन (पंख वर-खाली करणारी पाती) सोडू नका, उलट, वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्या.