बोलायला नाही, पेपर लिहायला शिकवणारा इंग्रजीचा क्लास (कॅनडा कॉर्नर, नाशिक)

मी पेठ तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता नाशकात बीएस्सी सेकंड इयरला. फर्स्ट इयरला फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही राहिले तेव्हा वाटलं की आपलं डोकंच सायन्सचं नाही. त्याआधी कॉलेज रोडच्या एका स्पोकन इंग्लिश क्लासला तीन महिने घातले होते, रोज सेल्फ इंट्रोडक्शन आणि ग्रुप डिस्कशन, बोलायची भीती गेली हे खरं पण पेपरात मार्क काही वाढले नाहीत.

मग रूमवरच्या ताईने कॅनडा कॉर्नरजवळचा हा छोटा क्लास सांगितला. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागितली. 'जस्टिफाय' (कारण देऊन पटवा) असं विचारलेलं तिथे मी व्याख्या लिहून आलेले, 'डिस्टिंग्विश' (फरक सांगा) होतं तिथे दोन व्याख्या एकाखाली एक. सर म्हणाले, "अगं तुला विषय येतो, प्रश्न वाचता येत नाही." मला तिथेच रडू आलं, कारण वर्षभरात हे कोणीच सांगितलं नव्हतं.

परावर्तन, अपवर्तन, विवर्तन मला झोपेतही येतं, पण अकरावीत तेच रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन, डिफ्रॅक्शन होऊन आलं आणि दोन्हीची जोड कोणी लावूनच दिली नाही. इथे त्याची वहीच करून घेतात, त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, असं. पण त्याहून अवघड असतात ते मधले साधे शब्द. 'प्रोव्हायडेड दॅट' म्हणजे मी 'दिलेलं आहे' असं समजायचे, तो निघाला 'अशी अट असेल तरच', आणि सगळा नियम उलटा कळलेला! अशा शब्दांसाठी सर अॅव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंची अभ्यासाच्या इंग्रजी शब्दांची २००० सालची यादी वापरतात, ५७० शब्दकुलं (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट) आहेत त्यात, आठवड्याला वीस घेतात.

सरांनी अजून एक सांगितलं ते मला फार धीर देऊन गेलं. जिम कमिन्स या अभ्यासकाने कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांवरून मांडलंय की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि आम्ही मात्र अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून स्वतःला ढ समजत बसतो.

माझे दोन्ही बॅकलॉग निघाले. मॅथ्सला फार फरक पडला नाही, तिथे मुळात भाषा कमी लागते, थिअरीच्या पेपरला आणि जर्नल लिहिताना खूप पडला.

बॅच मोठी आहे, पंचवीसेक जण, त्यामुळे लिहिलेलं तपासून मिळायला आठवडा जातो. संध्याकाळची बॅच उशिरा सुटते, गावाहून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी सकाळचीच घ्या. नुसतं फाडफाड बोलायचं असेल तर हा क्लास नकोच. जाताना जुने पेपर घेऊन जा, नापास झालेला असेल तर तो आधी दाखवा.